वाचक विचारतात : आजोबांची फोक्सवॅगन

प्रश्न : आजोबांनी 1960 साली, पोर्तुगीज अमदानीत घेतलेली फोक्सवॅगन बीटल आमच्या मागच्या पडवीत 22 वर्षं उभी आहे. ती मूळ रूपात आणायची आहे. इंजिन हाताने फिरतं. बॅटरीखालचा पत्रा गेलाय, वळताना दिशा दाखवायला दारामागच्या खांबातून बाहेर येणारा उजवा हात बाहेर येत नाही, दिवे मंद लागतात. चॅसिस नंबर 27 लाखांतला आहे. मेकॅनिक म्हणतो, सगळं 12 व्होल्टवर घ्या. मुंबईहून एकाने पुढची दोन मडगार्डं आणि स्टिअरिंग ‘शंभर टक्के ओरिजिनल’ म्हणून दाखवलंय, फोटो सोबत जोडलाय. घेऊ का?
— वा. स., डिचोली

उत्तर : नका घेऊ. फोटो भिंगाखाली धरून पाहिला. मडगार्डावर दिव्याची काच सरळ उभी आहे. तुमच्या गाडीची काच मागे झुकलेली असायला हवी. उभ्या दिव्यांची मडगार्डं ऑगस्ट 1967 पासूनची. स्टिअरिंगची गंमत उलटी. ते सपाट आहे, म्हणजे तुमच्या गाडीच्या आधीचं. ऑगस्ट 1959 पासून मध्ये खोलगट आणि हॉर्नला अर्धी रिंग असलेलं स्टिअरिंग आलं. तुमचा 27 लाखांतला नंबर ऑगस्ट 1959 ते जुलै 1960 या वर्षातला. म्हणजे विकणारा खोटं बोलत नसेलही. वस्तू फोक्सवॅगनच्याच आहेत, फक्त तुमच्या गाडीच्या नाहीत. ‘ओरिजिनल’ म्हटलं की मी आधी विचारतो, कुठल्या सालचं?

म्हणून पैसे बाहेर काढण्याआधी मागची सीट बाहेर काढा. चॅसिस नंबर तिच्याखाली, तळाच्या मधोमध जाणाऱ्या उंच बोगद्यावर कोरलेला असतो. तो आजोबांच्या लिव्रेताशी, म्हणजे गाडीच्या पोर्तुगीज नोंदणी-पुस्तिकेशी, ताडून पाहा. लिव्रेत टाकलं नसेल ना? आमच्याकडे जुने कागद चुलीत जातात आणि तुटक्या खुर्च्या माळ्यावर जपतात. मग इंजिन पाहा. तुमच्या सालच्या 1192 सीसी, 30 हॉर्सपॉवर इंजिनात डायनॅमो ज्यावर बसतो तो ओटा क्रँककेसबरोबरच (इंजिनाच्या मुख्य कवचाबरोबरच) ओतलेला असतो, नंबर त्याच्याच खाली. ओटा वेगळा, नटबोल्टांनी बसवलेला दिसला तर मधे कधीतरी नंतरचं इंजिन बसलंय. तसं असेल तर इंजिनाचे भाग तुमच्या सालाप्रमाणे मागवणं म्हणजे पैसे पाण्यात. वोल्फ्सबुर्गच्या फोक्सवॅगन संग्रहालयाकडून चॅसिस नंबरावरून गाडीचा जन्मदाखला मिळतो, फी भरून. मूळ रंग त्यात कळतो. रंगाबाबत घरातल्या वडीलधाऱ्यांवर विसंबू नका, एकाच गाडीला तिघे तीन रंग सांगतात.

आता तुमचा अडकलेला हात. नवा शोधू नका. तो बहुतेक वेळा मेलेला नसतो, झोपलेला असतो. दोन बोटांनी हळू बाहेर ओढा, बिजागरीवर शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब सोडा, आतला बल्ब पाहा, तारेचं टोक घासा. ग्रीस अजिबात नको. आपल्या पावसाळ्यात त्याचा चिखल होतो. माझ्याकडे आलेल्या गाड्यांतले बहुतेक हात एवढ्यावर उठले.

12 व्होल्टही नको. त्याच वॅटच्या बल्बाला 6 व्होल्टवर दुप्पट करंट लागतो, त्यामुळे एखादा जोड गंजला की दिवा लगेच मरगळतो. दोष व्होल्टचा नाही, गंजाचा. बॅटरीपासून बॉडीला जाणारा विणलेला अर्थचा पट्टा काढा, दोन्ही टोकांखालचा पत्रा चकाकेपर्यंत घासा, प्रत्येक दिव्याच्या अर्थचंही तेच करा. मग मला कळवा.

रबराच्या बाबतीत मात्र माझा उलटा हट्ट आहे. 1994 साली मुंबईच्या चोरबाजारात, शुक्रवारी पहाटे फुटपाथवर भरतो त्या बाजारात, मला पेट्रोल पंप मिळाला. जर्मन खोका, न वापरलेला, बोल्टच्या भोकाभोवती पान्याचा एक ओरखडा नाही. माल अस्सल होता, आणि तिथेच फसलो. तीसेक वर्षं खोक्यात पडून आतला पडदा बिस्किटासारखा झालेला. अनमोड घाटात फाटला. सोबत सासूबाई होत्या, एवढं सांगितलं म्हणजे पुरे. तेव्हापासून रबर, ब्रेकचे पाइप, व्हील सिलिंडर जुन्या खोक्यातलं कितीही अस्सल असो, मी घेत नाही. नवं घ्या. ब्रेकमध्ये इतिहास नको.

बॅटरीखालच्या पत्र्यासाठी तयार तळ परदेशातून येतो, पण कस्टम ड्यूटी आणि भाडं मालाच्या किमतीला जाऊन भिडतं. चांगला टिंकर, म्हणजे पत्राकाम करणारा, तळ इथे बनवेल. जुन्या पत्र्यावरचे दाबाचे उंचवटे जसेच्या तसे उतरवून घ्या आणि सीटचे रूळ कापून जपून ठेवा. कापण्याआधी दारांच्या चौकटीत आडव्या नळ्या वेल्ड करायला सांगा, नाहीतर नंतर दार लागणार नाही. पुढची चाकं ज्या पिनांवर वळतात आणि हलतात त्या किंगपिन-लिंकपिनचे बुश (पिनेभोवतीच्या नळ्या) घासले असतील तर कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात नमुना देऊन करून घ्या. तिथल्या लेथवाल्यांना एवढंच सांगायचं, घाई नाही. बुश स्वस्त पडतील, चहापाण्यालाच जास्त जाईल.

कागदांचं थोडक्यात : 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं झालेल्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते. नव्याने नोंदवली तर ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो, आधीच नोंदलेली असेल तर जुना नंबर ठेवता येतो. जुनी आरसी असेल तर पुन्हा बाहेरून आयात केल्याचा कागद शोधत बसू नका. चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही, आणि व्हिंटेज नोंदणीवर रोजच्या कामाला गाडी काढता येत नाही.

प्रश्न : माझ्या 1975 च्या प्रीमिअर पद्मिनीचा गिअर दुसऱ्यावर अडकतो. स्टिअरिंगवरच्या दांड्याचे बुश फोंड्यात मिळत नाहीत.
— र. ना., कुर्टी

उत्तर : तुमचं सोपं आहे. ही गाडी कुर्ल्यात बनायची, आणि मुंबईच्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची 20 वर्षांची मुदत ऑक्टोबर 2023 मध्ये संपली. त्या टॅक्सींचे सुटे भाग भंगारवाल्यांकडे अजून फिरताहेत. दांड्यासकट अख्खी जोडणी मागा, सुटा बुश मागितलात तर कोणी उठणारही नाही. पण मुंबईला जाण्याआधी बॉनेट उघडा, दांड्याच्या खालच्या जोडाची पिन घसरली आहे का पाहा. माझ्याकडे गेल्या महिन्यात अशीच एक आली होती. वीस रुपयांची पिन निघाली, आणि मालक दोन वेळा मुंबई करून आला होता.