स्वाहिलीत ‘माझ्याकडे आहे’मधलं ‘आहे’ कुठे गेलं?

प्रश्न : परळच्या एका रुग्णालयात परदेशी रुग्णांची विचारपूस करण्याचं काम माझ्याकडे आहे. टांझानिया-केनियाहून बरेच रुग्ण येतात, म्हणून स्वाहिली शिकते आहे. ‘मला ताप आहे’, ‘माझ्याकडे रिपोर्ट आहेत’, ‘मला दोन मुलं आहेत’ या तिन्हींसाठी वेगवेगळे शब्द सापडत नाहीत. चुकतंय कुठे?

शोधण्यात चुकतंय. तिन्हींना एकच शब्द आहे : ‘ना’. मराठीत मालकी सांगताना आपण नात्याला ‘मला’, वस्तूला ‘माझ्याकडे’ नाहीतर ‘माझ्याजवळ’ असं नेमकं वेगळं करतो आणि शेवटी ‘आहे’ लावतो. स्वाहिलीला त्याचं काही नाही. ‘ना’चा मूळ अर्थ ‘सह’ किंवा ‘आणि’. त्याच्या आधी कर्त्याचा उपसर्ग जोडला की झालं : नि-ना, म्हणजे ‘मी-सह’. निना होमा (मला ताप आहे), निना रिपोति (माझ्याकडे रिपोर्ट आहे), निना वातोतो वाविलि (मला दोन मुलं आहेत). भूक, तहान, घाई यांचंही तेच : निना न्जा, निना किउ, निना हाराका.

माणसांसाठी रूपं सहाच. निना (मी), उना (तू), आना (तो किंवा ती), तुना (आम्ही किंवा आपण), म्ना (तुम्ही अनेकजण), वाना (ते). नकारात पहिलं रूप पार बदलतं, ‘सिना’ होतं. पुढची हुना, हाना, हातुना, हाम्ना, हावाना. ‘हुना’ लिहिताना मधे ‘आ’ घालू नका. प्रमाण भाषेत ‘हाउना’ हे झाडासारख्या काही नामवर्गांचं (आपल्या लिंगांसारखे नामांचे गट) रूप आहे, माणसाचं नाही. नैरोबीत बोलताना माणसालाही ‘हाउना’ म्हणतात; ऐकलंत तर समजून घ्या, लिहिताना वापरू नका.

वर्तमानकाळात ‘असणे’ दिसत नाही, पण ते लपलेलं असतं. काळ बदलला की बाहेर येतं : निलिकुवा ना होमा (मला ताप होता), सिकुवा ना होमा (नव्हता), निताकुवा ना… (असेल). इथे ‘ना’ सुटा लिहायचा. कालच्या तापाबद्दल ‘निना होमा जाना’ म्हणालात, तर ‘मला काल ताप आहे’ असं काहीतरी ऐकू येईल.

मराठी माणसाकडून हटकून होणारी एक चूक. आजोबांच्या वयाच्या रुग्णाला आपण ‘तुम्हाला’ म्हणतो, म्हणून हात आपसूक ‘म्ना’कडे जातो. स्वाहिलीत आदरासाठी अनेकवचन करत नाहीत. एका माणसाला ‘म्ना होमा?’ विचारलंत तर तो आजूबाजूला बघेल, आणखी कोणाला ताप आहे म्हणून. आदर संबोधनातून येतो : म्झे (वडीलधारे), मामा (आई), ब्वाना (साहेब). वयस्करांना आधी ‘शिकामो’ म्हणायचं, ते ‘माराहाबा’ म्हणतील. मग खुशाल एकवचनात ‘जे, उना होमा?’ विचारा.

रोज लागणारी दोन वाक्यं : आना म्झिओ वा दावा योयोते? (त्यांना कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का?) आणि म्तोतो आना मिआका मिंगापि? (मूल किती वर्षांचं आहे?) वय सांगताना आपण ‘चार वर्षांचा आहे’ म्हणतो, ते ‘आना मिआका मिन्ने’ म्हणतात, म्हणजे चार वर्षं ‘सह’ आहे. औषधाला ‘दावा’ म्हणतात हे ऐकून हिंदीतलं ‘दवा’ आठवलं असेलच. दोन्ही अरबीतून आलेले.

प्रश्न : मस्जिद बंदरला निर्यातीच्या ऑफिसात आहे. दार-एस-सलामच्या गिऱ्हाइकाला मी ‘कुना म्झिगो?’ असा मेसेज टाकला. मला विचारायचं होतं, माल पोचला का. त्याने उलट विचारलं, ‘म्झिगो गानि?’ (कुठला माल?). ‘कुना’ म्हणजे ‘आहे’च ना?

‘आहे’च, पण नव्याने ओळख करून देणारं. मराठीत हा फरक आपण शब्दांच्या क्रमाने करतो. ‘टेबलावर पुस्तक आहे’ म्हटलं की पुस्तक ऐकणाऱ्याला नवं. ‘पुस्तक टेबलावर आहे’ म्हटलं की ते दोघांना ठाऊक असलेलं, फक्त जागा सांगायची. स्वाहिलीत पहिल्याला ‘मेझानि कुना किताबु’ आणि दुसऱ्याला ‘किताबु किपो मेझानि’. म्हणजे क्रियापदच बदललं. तुमचा माल दोघांना ठाऊक होता, तेव्हा विचारायचं होतं : म्झिगो उपो? किंवा म्झिगो उको वापि? (माल कुठे आहे?) ‘वापि’चा उच्चार गुजरातेतल्या वापीसारखाच. उत्तर येईल, ‘उको बांदारिनि’. बांदारि म्हणजे बंदर, ‘नि’ म्हणजे आपलं ‘-त’. शहरांच्या नावांना मात्र हा ‘नि’ लागत नाही. मोंबासात म्हणायलाही नुसतं मोंबासा.

इथे उपसर्ग नामाच्या वर्गाप्रमाणे बदलतो, तिथेच घोळ होतो. एक म्झिगो : उपो. अनेक मिझिगो : इपो. एक कंटेनर : कोंतेना लिपो. अनेक : माकोंतेना यापो. कागदपत्रं : हाति झिपो. माणूस असेल तर ‘आ’ नाही, ‘यु’ : मेनेजा युपो? नकार हायुपो.

शेपट्या तीन आहेत. ‘पो’ म्हणजे नेमक्या जागी, ‘को’ म्हणजे मोघम कुठेतरी, ‘मो’ म्हणजे आत. कपाटात ठेवलेल्या पुस्तकाला ‘किताबु किमो काबातिनि’. ‘कुना’लाही तशीच भावंडं आहेत : ‘पाना’ आणि आतल्यासाठी ‘म्ना’. हा ‘म्ना’ आणि मघाचा ‘तुम्हा लोकांकडे आहे’ वाला ‘म्ना’ दिसायला सारखेच. नकारातही दोघांचा ‘हाम्ना’. दुकानात तांदूळ विचारल्यावर ‘हाम्ना’ म्हणाले तर अर्थ सरळ ‘नाही’. बोलताना ‘को’ आणि ‘पो’तला भेद लोक फारसा पाळत नाहीत. केनियात ‘को’, टांझानियात ‘पो’ जास्त कानावर पडतो.

भूतकाळ : कुलिकुवा ना (होतं), हाकुकुवा ना (नव्हतं).

प्रश्न : ‘हाकुना माताता’ यातलं ‘हाकुना’ हेच का?

हेच. ‘कुना’चा नकार. माताता म्हणजे भानगडी, अडचणी. टांझानियात रोजच्या बोलण्यात ‘हाम्ना शिदा’ किंवा ‘हाकुना शिदा’ जास्त. ‘हाकुना माताता’ पर्यटकांच्या टीशर्टवर.

प्रश्न : ‘आशाचं पुस्तक’ला ‘किताबु चा आशा’. हा ‘चा’ आपलाच आहे का?

नाही, योगायोग आहे. पण लक्षात ठेवायला फार कामाचा. फरक उच्चाराचा : आपल्या ‘आशाचा’मधला च ‘चाक’ मधला, त्यांचा ‘चार’ मधला.

खरी गंमत पुढे आहे. इंग्रजीतून शिकणाऱ्याला इथे घाम फुटतो, आपल्याला नाही. आशाचा मुलगा, आशाची वही, आशाचं घर : मालक तोच, रूप बदलतं ते वस्तूप्रमाणे. स्वाहिलीत नेमकं हेच, फक्त तीन लिंगांच्या जागी बरेच वर्ग आणि क्रम उलटा, म्हणजे वस्तू आधी आणि मालक नंतर. किताबु चा आशा, अनेक असतील तर विताबु व्या आशा. गारि ला आशा (गाडी), मागारि या आशा. न्युम्बा या आशा (घर), अनेक असतील तर न्युम्बा झा आशा. म्तोतो वा आशा. सर्वनामांचंही तसंच : -आंगु (माझं), -आको (तुझं), -आके (त्याचं आणि तिचंही), -एतु (आमचं किंवा आपलं), -एनु (तुमचं), -आओ (त्यांचं). म्हणून किताबु चांगु, गारि लांगु, न्युम्बा यांगु.

एक खड्डा. रफिकि (मित्र), मामा, बाबा ही माणसं असूनही ‘माझा’ म्हणताना ‘यांगु’ घेतात, अनेकवचनात ‘झांगु’. क्रियापद मात्र माणसाचंच : रफिकि यांगु आना गारि, माझ्या मित्राकडे गाडी आहे.

जाता जाता, गारि, पेसा (पैसे), लाकि (लाख), बिमा (विमा) हे शब्द आपल्या किनाऱ्यावरून तिकडे गेलेले आहेत. पाठ करायची गरज नाही.

प्रश्न : ‘पासपोर्ट आहे का?’ याला नुसतं ‘निना’ म्हटलं तर चालेल?

अर्धवट वाटतं. ‘मी-सह…’ म्हणून थांबल्यासारखं. आपण ‘आहे’ म्हणून मोकळे होतो. स्वाहिलीत वस्तूची शेपटी लावावी लागते. उना पासिपोति? निनायो. उना किताबु? निनाचो. उना पेसा? निनाझो. नकारात सिनायो, सिनाचो, सिनाझो. नुसतं ‘सिना’ मात्र बोलण्यात खपतं.

प्रश्न : केनियाचे रुग्ण ‘निको ना न्जा’ म्हणतात. चूक?

परीक्षेत चूक, नैरोबीत रोजचं. ऐकून घ्या, स्वतः ‘निना न्जा’ म्हणा. दोन्ही देशांत चालतं.

प्रश्न : ‘ताप असलेला रुग्ण’ कसं म्हणायचं?

‘-एन्ये’ वापरा : म्गोंज्वा म्वेन्ये होमा. अनेक असतील तर वागोंज्वा वेन्ये होमा. ‘म्वेन्ये न्युम्बा’ म्हणजे घरमालक. वस्तूलाही चालतं : चुम्बा चेन्ये दिरिशा, खिडकी असलेली खोली. नातेवाइकांची राहण्याची सोय करताना हा शब्द लागेलच.