सचिवपद नको, वही माग

अमळनेर तालुक्यातल्या एका वाचक भगिनीचं पत्र आलंय. वय ४६, यजमानांचं किराणा दुकान, मुलं शिकायला पुण्याला. शेजारणीच्या आग्रहाने ती गावातल्या सेवा क्लबची सभासद झाली. लिहिते :

"अक्का, मला काम करायचं होतं. वाट्याला आलं रांगोळी, औक्षण, पाहुण्यांचे बुके आणि चहा. थंडीत मोतीबिंदूचं शिबिर झालं, तेव्हा मात्र खेड्यांतून आलेल्या आज्यांसोबत दिवसभर बसले. फार बरं वाटलं. पुढे त्यातलीच एक बाजारात भेटली, डोळा लालभडक. थेंबांची बाटली तिने देव्हाऱ्यात ठेवून दिली होती. 'कधी घालायचं ते कुणी सांगितलंच नाही,' म्हणाली. आता क्लबवाले म्हणतात, जुलैपासून सचिव व्हा. यजमान म्हणतात, सेवा फोटोपुरती आणि वर्गणी आपली. सासूबाई बोलत नाहीत, भांडी आपटतात. सोडू का क्लब?"

आधी त्या आजीचं बघ. ऑपरेशन झालेला डोळा लाल होत असेल, दुखत असेल किंवा दिसणं कमी झालं असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचं असतं. मध, गुलाबपाणी, काजळ काहीही घालायचं नाही. ती पुढे दवाखान्यात गेली का, हे तू लिहिलेलं नाहीस. गेली नसेल तर वाचणं इथेच थांबव आणि तिच्या घरी फोन लाव.

आता तुझं. यजमान म्हणतात त्यात तथ्य आहे. रोटरी असो की लायन्स, यांचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. अध्यक्ष दरवर्षी नवा. त्यामुळे जे काम एका दिवसात उरकतं आणि अहवालात मोजता येतं, त्याला सगळे धावतात. जुलैत रोप लावताना खड्ड्याभोवती गर्दी असते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ वर गेला की त्याच रोपाला बादलीभर पाणी घालायला माणूस मिळत नाही. शिबिराचंही तसंच. ऑपरेशनं मोजली जातात. नंतरचे चार ते सहा आठवडे थेंब घालायचे असतात, त्यांचा वाली कोणी नाही.

तरी या क्लबांना नुसतं नाव ठेवू नकोस. १९२५ साली अंध-बधिर अमेरिकन लेखिका हेलन केलर यांनी लायन्सच्या अधिवेशनात अंधांसाठी साकडं घातलं, तेव्हापासून डोळ्यांचं काम त्यांनी उचलून धरलंय. पोलिओचं बघ. रोटरीचे कार्यकर्ते सरकारी यंत्रणेच्या बरोबरीने वर्षानुवर्षं राबले आणि २७ मार्च २०१४ ला आपला देश पोलिओमुक्त जाहीर झाला. पोलिओ बूथवरच्या फोटोंनी गेला नाही. बूथचा दिवस संपला की घरोघर फिरून राहिलेली पोरं शोधायची, डोस द्यायचा, बोटावर शाईची खूण करायची, आणि पुढच्या फेरीला पुन्हा तेच. तुला शिबिरात जे कमी पडलेलं दिसलं ते हेच, मागे लागून काम पुरं करणं.

रांगोळीचा तुझा राग रास्त आहे. रोटरी १९०५ साली शिकागोत सुरू झाली, आणि बायकांना सभासद करून घ्यायचा नियम झाला १९८९ साली. तब्बल ८४ वर्षांनी! लायन्सनेही १९८७ पर्यंत वाट पाहायला लावली. नियम बदलला, पण आपल्याकडच्या बऱ्याच सभागृहांत आरतीचं ताट अजून आपसूक बाईच्याच हातात येतं. पुढच्या वेळी ते एखाद्या पुरुष सभासदाच्या हातात दे, हसतमुखाने. भांडायची गरज नाही, ताट फार जड नसतं.

सचिवपद मात्र यंदा घेऊ नकोस. मान मोठा असला तरी काम कागदाचं आहे : इतिवृत्त, हजेरी, महिन्याचे अहवाल, पदग्रहणाच्या पत्रिका. तू आज्यांपासून आणखी लांब जाशील. त्याऐवजी शिबिरानंतरची देखभाल माग आणि एक साधी वही घाल. नाव, गाव, घरात ज्याच्याकडे मोबाइल आहे त्याचा नंबर, कोणता डोळा, ऑपरेशनची तारीख, पुढच्या तपासणीची तारीख, मधुमेह आहे का. दुसऱ्या दिवशी फोन, आठवड्याने फोन, महिन्याने फोन. थेंब कोणते आणि किती वेळा, हे डॉक्टरांच्या चिठ्ठीतलंच वाचून दाखवायचं, पदरचं काही घालायचं नाही. आणि फोनवर अहिराणीत बोल. "बरं शे ना माय?" असं विचारलंस की आजी बाटली कुठे ठेवलीय ते आपणहून सांगेल, कापूस वेचायला कधीपासून जाऊ, हेही विचारेल. उन्हाळ्यात ऑपरेशन नको म्हणून कित्येकजणी दिवाळीपर्यंत आंधळ्यासारख्या वावरतात. आता कोणत्याही ऋतूत चालतं, हे सांगायलाही तीच वही कामाला येईल. डोळ्याला पट्टी बांधलेल्या बाईचा फोटो मात्र तिला विचारल्याशिवाय ग्रुपवर जाऊ द्यायचा नाही, अध्यक्ष कितीही रुसले तरी.

घरी वेळ ठरवून सांग. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी, बस्स. दिवाळीच्या आधी दुकानात गर्दी असते, तेव्हा क्लबला सरळ नाही म्हण आणि गल्ल्यावर बस. वर्गणीचा आकडा यजमानांपासून लपवू नकोस. सासूबाईंचं म्हणशील तर पुढच्या शिबिराला त्यांना तपासायला घेऊन जा. त्या वयात मोतीबिंदू असायचाच, आणि भांडी नीट दिसत नसली तरीही आपटतात.

क्लबने वही द्यायला टाळाटाळ केली, तर ३० जूनला वर्गणी थांबव. ग्रामीण रुग्णालयातल्या नेत्रचिकित्सा अधिकाऱ्यांना आणि गावच्या आशाताईंना भेट, त्यांना असा माणूस हवाच असतो. पण आधी जूनच्या सभेत उभी राहून माग, आणि मागितलंस ते इतिवृत्तात लिहून घ्यायला लाव.