हॉगार्थच्या ‘जिन लेन’ या चित्रामुळे खरंच कायदा बदलला का?

तुम्ही विचारलंय की अठराव्या शतकातला इंग्रज चित्रकार विल्यम हॉगार्थ याच्या ‘जिन लेन’ या चित्रामुळे इंग्लंडमध्ये दारूविरोधी कायदा आला हे खरं का, एका चित्रात एवढी ताकद असते का, आणि असली चित्रं नवख्या माणसाने बघायची कशी. मी छापचित्रं करते, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर रेषा कोरून, शाई भरून, प्रेसमधून कागदावर उतरवते. हॉगार्थकडे मी वारंवार जाते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी कायद्याचं. नुसत्या चित्रामुळे कायदा आला नाही. पण कायद्यासाठी जी मोहीम चालू होती, तिच्यातलं ते सगळ्यांत धारदार हत्यार होतं आणि ते नेमक्या वेळी बाहेर काढलेलं होतं.

इंग्लंडमध्ये १६९० पासून धान्याची दारू गाळायला जवळजवळ कुणालाही मोकळीक मिळाली. फ्रान्सशी वैर होतं, त्यामुळे फ्रेंच ब्रँडी नको होती. धान्य मुबलक होतं, जमीनदारांना त्याला गिऱ्हाईक हवं होतं आणि सरकारला कर हवा होता. यातून लंडनच्या गरीब वस्त्यांमध्ये जिनचा, म्हणजे याच धान्याच्या दारूचा, पूर आला. तळघरांत, किरकोळ दुकानांत, रस्त्यावर फिरून, जमेल तशी ती विकली जायची. १७३४ साली ज्युडिथ डेफोर नावाच्या बाईने स्वतःच्या दोन वर्षांच्या मुलीचा गळा आवळला आणि तिच्या अंगावरचे नवे कपडे विकून त्या पैशांची जिन प्यायली. सगळं शहर हादरलं. १७३६ मध्ये सरकारने परवान्याची फी थेट ५० पौंड केली. परवाने जवळपास कुणी घेतलेच नाहीत, चोरटी विक्री वाढली, खबऱ्यांना लोकांनी बडवून काढलं आणि १७४३ मध्ये तो कायदा मागे घ्यावा लागला. त्याच सुमाराला जिनचा खप वर्षाला ८० लाख गॅलनच्या घरात पोचला होता.

१७५१ च्या जानेवारीत बो स्ट्रीटचा दंडाधिकारी आणि कादंबरीकार हेन्री फील्डिंग याने लंडनमधल्या वाढत्या चोऱ्यांवर पुस्तिका काढली. तिच्यात त्याने जिनला मोठं कारण ठरवलं. फील्डिंग हा हॉगार्थचा मित्र. पुढच्याच महिन्यात हॉगार्थने ‘बिअर स्ट्रीट’ आणि ‘जिन लेन’ ही जोडी विक्रीला काढली आणि उन्हाळ्यात कायदा मंजूर झाला. या वेळचा कायदा शहाणपणाचा होता. गाळणाऱ्यांनी थेट किरकोळ विक्री करायची नाही, परवाना फक्त बऱ्यापैकी ऐपतीच्या जागांना, आणि कर वाढवलेला. पुढच्या वर्षी खप झपाट्याने उतरला. मात्र तो १७४३ नंतर हळूहळू कमी होऊ लागलाच होता, आणि १७५७ मध्ये पीक बुडाल्यावर धान्याची दारू गाळायलाच बंदी आली, त्याचाही वाटा मोठा आहे. म्हणून सगळं श्रेय चित्राला देणं बरोबर नाही.

आता चित्र. माझी विनंती आहे की हा भाग वाचताना ते दुसऱ्या खिडकीत उघडून ठेवा.

मधोमध पायऱ्यांवर एक बाई बसली आहे. अंगावरचे कपडे सुटलेत, पायांवर गुप्तरोगाच्या जखमा आहेत. ती तपकिरीची चिमूट घेते आहे आणि चेहऱ्यावर हसू आहे. तिच्या हातातून तिचं बाळ कठड्यावरून खाली, जिनच्या गुत्त्याच्या दारात पडतंय. बाळाचं डोकं खाली, पाय वर. तिला पत्ताच नाही. खाली पायरीवर एक माणूस आहे, नुसता सापळा. हातात पेला, टोपलीत बाटली आणि टोपलीतून लोंबणारा कागद: जिनबाईच्या पाडावाचा पोवाडा. म्हणजे जिनविरुद्धची गाणी विकणाराच जिनने मरतो आहे. माझ्या मते चित्रातली सर्वांत भेदक जागा हीच, कारण इथे हॉगार्थ स्वतःच्या धंद्याकडेही बोट दाखवतो. तोही जिनविरुद्धचा छापील कागदच विकत होता.

डावीकडे वळा. सुतार आपली करवत गहाण टाकतोय, बाई स्वयंपाकाची भांडी. घेणाऱ्या सावकाराचं नाव ग्राइप. ज्या हत्यारावर पोट चालायचं तेच गेलं, मग उद्याचं काय, हे चित्रात कुठेही लिहिलेलं नाही, पण करवत पाहिली की कळतं. त्याच्याजवळ एक माणूस आणि कुत्रा एकच हाड चघळतायत. मागे एका बाईला शवपेटीत उतरवताहेत आणि शेजारी जमिनीवर तिचं पोर रडतंय. वर मोडक्या माळ्यावर एका न्हाव्याने गळफास घेतलाय. दोन लहान मुली, ज्यांचा सांभाळ चर्चच्या धर्मादायातून होतो, त्याही पेला तोंडाला लावून उभ्या आहेत. सगळ्या वस्तीची पडझड झाली आहे. धड उभी असलेली घरं फक्त सावकाराची, दारू गाळणाऱ्याची आणि शवपेट्या विकणाऱ्याची. दूरवर ब्लूम्सबरीच्या सेंट जॉर्ज चर्चचा मनोरा दिसतो, आणि सावकाराच्या दुकानाची तीन गोळ्यांची पाटी बरोबर त्याच्या वर अशी टांगली आहे की ती क्रूसासारखी दिसते. ती जागा उगाच निवडलेली नाही. पत्र्यावर काम करणाऱ्याला प्रत्येक रेषा कोरावी लागते, शिवाय छापताना सगळं उलटं उमटणार हे धरून आखावं लागतं. अशा कामात पाटी चुकून मनोऱ्यावर येत नाही.

पण या चित्रावर माझा एक मोठा आक्षेप आहे आणि तो सांगितल्याशिवाय उत्तर पुरं होणार नाही. जोडीतलं ‘बिअर स्ट्रीट’ पाहा. तिथे जवळजवळ सगळे गुटगुटीत, हसरे, कामसू. फक्त सावकाराचं घर मोडकळीला आलंय. टेबलावर राजाच्या भाषणाचा कागद आहे, व्यापार वाढवा सांगणारा. बिअर देशी म्हणून पवित्र, जिन परदेशी वळणाची म्हणून पाप. ज्या जमीनदारांचं धान्य दारूच्या भट्ट्यांना जात होतं आणि ज्यांच्या संसदेने भट्ट्यांना मोकळीक दिली होती, ते दोन्ही चित्रांत कुठेच नाहीत. गरिबाच्या व्यसनाचं चित्र काढताना हॉगार्थने पिणारा दाखवला, विकणारा दाखवला, पण धान्याचा मालक नाही दाखवला. चित्र संसदेतल्या लोकांना पचलं, त्याचं हेही एक कारण असावं असं मला वाटतं.

मग एवढी ताकद आली कुठून? माझं ठाम मत आहे की ती जितकी रेषेतून आली तितकीच किमतीतून आणि मालकीतून आली. ही दोन चित्रं प्रत्येकी एका शिलिंगला होती. जाहिरातीत त्याने स्वतःच म्हटलं होतं की खालच्या वर्गातली व्यसनं सुधारण्यासाठी ही चित्रं आहेत, म्हणून शक्य तितक्या स्वस्तात काढली आहेत. एक शिलिंगसुद्धा मजुराला सहज परवडणारी रक्कम नव्हती, पण अशी चित्रं कॉफी हाऊसच्या आणि दारूच्या दुकानांच्या भिंतींवर लागायची, चित्रविक्रेत्याच्या काचेमागे टांगलेली असायची आणि रस्त्यावर उभं राहून फुकट बघता यायची. त्याच महिन्यात त्याने ‘क्रौर्याच्या चार पायऱ्या’ ही मालिका काढली. ती आणखी स्वस्त व्हावी म्हणून लाकडी ठोकळ्यांवर कोरून घ्यायचा प्रयत्न केला, पण दोनच ठोकळे झाले आणि शेवटी त्याला तांब्याकडेच यावं लागलं.

हे सगळं त्याच्या आयुष्यातून आलेलं आहे. त्याचा जन्म १६९७ चा, लंडनमधल्या स्मिथफील्डचा. वडील लॅटिनचे शिक्षक. त्यांनी लॅटिनमध्ये गप्पा मारायचं कॉफी हाऊस काढलं, ते बुडालं आणि कर्जापायी ते काही वर्षं फ्लीटच्या तुरुंगात राहिले. पोरवयात बापाचा तुरुंग पाहिलेल्या या मुलाने पुढे चांदीच्या भांड्यांवर नक्षी आणि सरदारांची बोधचिन्हं कोरायची उमेदवारी केली. १७३२ साली ‘अ हार्लट्स प्रोग्रेस’ ही सहा चित्रांची मालिका त्याने वर्गणीदारांना एक गिनीला (२१ शिलिंगला) दिली आणि १२०० हून जास्त संच गेले. गावाकडून लंडनला आलेली मोल नावाची मुलगी, तिला पहिल्याच चित्रात गाठणारी कुंटीण, मागे दारात उभा असलेला लंपट कर्नल चार्टरिस. ही कुंटीण आणि तो कर्नल दोघंही खरी माणसं होती आणि लंडनकरांनी त्यांना लगेच ओळखलं.

लोकप्रियतेबरोबर नकला आल्या. विक्रेते बिनदिक्कत कॉप्या छापून विकायचे. हॉगार्थने इतर चित्रकारांना सोबत घेऊन संसदेकडे अर्ज केला आणि छापचित्रकाराला चौदा वर्षांचा हक्क देणारा कायदा २५ जून १७३५ पासून लागू झाला. पुढची मालिका, ‘अ रेक्स प्रोग्रेस’, त्याने हा दिवस येईपर्यंत रोखून धरली. म्हणजे तुम्ही विचारता त्या अर्थाने हॉगार्थच्या चित्रांनी थेट घडवलेला कायदा कुठला असेल, तर तो हा. तो दारूचा नाही, चित्रकाराच्या हक्काचा आहे. आणि हा हक्क नसता तर स्वतःच्या हिमतीवर, कुठल्याही सरदाराच्या आश्रयाशिवाय सोळा वर्षांनी ‘जिन लेन’ काढणं त्याला कितपत जमलं असतं, याची मला शंका आहे.

आश्रयाशिवाय काम करण्याचं मोल दिसतं ते ‘मॅरेज आ-ला-मोड’ या सहा चित्रांच्या मालिकेत. माझ्या लेखी हे त्याचं सर्वोत्तम काम. पहिल्या चित्रात लग्नाची बोलणी चालू आहेत. वरपिता कर्जबाजारी अर्ल, म्हणजे बडा सरदार, संधिवाताने सुजलेला पाय स्टुलावर, बोट स्वतःच्या वंशवृक्षाकडे. खिडकीबाहेर पैशांअभावी अर्धवट राहिलेला वाडा. वधूपिता श्रीमंत व्यापारी, नाकावर चष्मा लावून करारनामा वाचतोय. नवरा मुलगा आरशात स्वतःला न्याहाळतोय, त्याच्या मानेवर काळा ठिपका, गुप्तरोगाची खूण. नवरी पाठ फिरवून अंगठी रुमालातून ओवत बसली आहे आणि वकील सिल्व्हरटंग पेन तासता तासता तिच्या कानाशी लागलाय. खाली दोन कुत्री एकाच साखळीने बांधलेली. अर्लच्या कुबड्यांवरसुद्धा मुकुटाचं चिन्ह आहे! ज्याने उमेदवारीत सरदारांची बोधचिन्हं कोरली, त्यालाच हे सुचणार.

शेवटचं चित्र बघताना मला दरवेळी थांबावं लागतं. वकिलाने नवऱ्याला मारलंय, वकील फासावर गेलाय, नवरीने लॉडनम, म्हणजे अफूचा अर्क, घेतलंय, रिकामी बाटली जमिनीवर पडली आहे. मोलकरणीने तिची लहानगी लेक शेवटचा मुका घ्यायला वर उचलून धरलीय. त्या पोरीच्या गालावर बापाच्या रोगाचा डाग आणि पायाला लोखंडी पट्टी. आणि मुलीचा बाप, तो व्यापारी, तिच्या बोटातली अंगठी काढून घेतोय. शेजारी हडकुळं कुत्रं टेबलावरचं डुकराचं मुंडकं पळवतंय. ही सहा तैलचित्रं १७५१ च्या लिलावात अवघ्या १२० गिनींना गेली, पण त्यांची छापचित्रं घरोघरी पोचली.

हॉगार्थनंतरच्या इंग्रज व्यंगचित्रकारांबद्दल थोडक्यात. जेम्स गिलरेने समाजापेक्षा राजकारण जास्त हाताळलं. १८०५ मधलं त्याचं ब्रिटिश पंतप्रधान पिट आणि नेपोलियन पृथ्वीचं पुडिंग कापून घेतायत ते चित्र तुम्ही नक्की कुठे ना कुठे पाहिलं असेल. जॉर्ज क्रुकशँकला १८२० मध्ये राजाची बदनामीकारक चित्रं काढू नयेत म्हणून १०० पौंड देण्यात आले होते. सत्ताधाऱ्यांना या कागदांची किती धास्ती होती ते यावरून कळावं. त्याच क्रुकशँकने १८४७ मध्ये ‘द बॉटल’ ही दारूवरची आठ चित्रांची मालिका काढली, ती सरळ हॉगार्थच्या वळणाची आहे. लंडनचं ‘पंच’ हे व्यंगचित्रांचं साप्ताहिक १८४१ मध्ये सुरू झालं आणि मुंबईत १८५४ मध्ये ‘पार्सी पंच’ निघालं, ते त्याच्याच धर्तीवर.

बघायची कशी, तर घाई न करता आणि आधी कोपरे. हॉगार्थ मुख्य घटना मध्यभागी ठेवतो, पण निकाल कडेला लिहितो: भिंतीवरची चित्रं, जमिनीवर पडलेले कागद, कुत्री, पाट्या. ब्रिटिश म्युझियमच्या संकेतस्थळावर छापचित्रं मोठी करून बघता येतात. लंडनला जाणं झालं तर ‘मॅरेज आ-ला-मोड’ नॅशनल गॅलरीत आहे आणि ‘अ रेक्स प्रोग्रेस’ सर जॉन सोन यांच्या घराच्या म्युझियममध्ये. दोन्हीकडे प्रवेश मोफत आहे. ‘मॅरेज आ-ला-मोड’ ची तैलचित्रं आणि त्यांची छापचित्रं स्क्रीनवर शेजारी शेजारी लावून पाहा. छापताना ती उलटी झाली आहेत, त्यामुळे नजर उलट दिशेने प्रवास करते आणि कोण आधी दिसतं, कोण नंतर, हेच बदलतं. पहिल्या चित्रात हे करून बघा, अर्ल आणि नवरी यांच्यातलं नातं तुम्हाला दोन्हींत वेगळं वाटेल.