पहिलं वर्ष: डब्याची एसटी, कॉलेजची बाग आणि कासचं पठार

तुम्ही विचारलंय, ‘गावाहून शिकायला आलेय, यंदा पहिलं वर्ष आहे. तुमचं पहिलं वर्ष रोज कसं जायचं आणि त्यातलं आज काय आठवतं?’ प्रश्न वाचला आणि लिहायलाच बसले.

मी माण तालुक्यातली, दहिवडीच्या पुढच्या एका लहान गावातली. बारावी दहिवडीला केली आणि बी.एस्सी.साठी साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेजात आले. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. गोष्ट वीसेक वर्षांपूर्वीची. घरात मोबाईल एकच आणि तो आबांच्या खिशात. सदर बझारात आम्ही तिघी एका खोलीत राहायचो. मेस परवडणारी नव्हती, म्हणून घरून डबा यायचा, एसटीनं.

ज्यांनी हे पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी जरा सविस्तर सांगते. आई पहाटे उठून भाकरी थापायची. आबा सायकलवरून फाट्यावर जाऊन सहाच्या गाडीत डबा ठेवायचे. गाडी दहिवडी, पुसेगाव, कोरेगाव करत नऊच्या सुमाराला सातारा स्टँडला लागायची. तोवर फलाटावर आम्ही पोरंपोरी जमलेलो असायचो. ड्रायव्हरच्या मागे डब्यांची रास, प्रत्येक डबा कापडी पिशवीत, झाकणावर ऑइलपेंटनं नाव आणि गाव. कंडक्टर नाव पुकारायचे आणि डबा हातात द्यायचे. आमच्या गाडीवरच्या एका कंडक्टरकाकांना सगळ्यांची नावं पाठ होती. मी दोन दिवस आजारी पडले तेव्हा त्यांनीच माझा डबा शेजारच्या गावच्या मुलाकडे दिला आणि ‘पोरगी आली न्हाई, खोलीवर पोचव’ म्हणून बजावलं.

डब्यात बहुतेक वेळा बाजरीची भाकरी, मटकी नाहीतर पिठलं आणि शेंगदाण्याची चटणी. संध्याकाळच्या गाडीनं रिकामा डबा परत जायचा. त्यात मी चिठ्ठी ठेवायची: ‘चटणी संपली’, ‘परीक्षेची तारीख आली’, ‘स्वेटर पाठव’. आईला लिहिता येत नव्हतं, म्हणून उत्तर धाकट्या भावाच्या अक्षरात यायचं आणि त्यात तो स्वतःचंही घुसडायचा. त्या चिठ्ठ्या मी अजून जपून ठेवल्यात. कधी घाटात गाडी बंद पडली की त्या दिवशी आमच्या बाजूच्या सगळ्यांचेच डबे अडकायचे. मग पाटण-कऱ्हाडकडची मुलं आपल्या डब्यांतलं वाढायची. तांदळाच्या भाकरीची चव मला पहिल्यांदा अशी कळली.

डबा घ्यायला जायच्या आधी माझे दोन तास कॉलेजच्या बागेत झालेले असायचे. कॉलेजात ‘कमवा आणि शिका’ योजना होती आणि मी प्रवेश घेतल्याच आठवड्यात नाव दिलं होतं. मुलींना शक्यतो ग्रंथालयात नाहीतर कार्यालयात काम मिळायचं. मी वनस्पतीशास्त्र विभागाची बाग मागून घेतली, कारण शेतातलं काम अंगवळणी पडलेलं होतं आणि नवीन ठिकाणी निदान एक तरी गोष्ट येत असावी असं वाटत होतं.

हे कॉलेजच मुळी या कल्पनेवर उभं आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली. पुढे साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं, सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत बसवली आणि ते चालवायला पैसे कमी पडले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडून दिले. गरिबाच्या मुलानं काम करून शिकावं, कुणापुढे हात पसरू नये, म्हणून १९४७ साली हे कॉलेज निघालं. शाळेत असताना हे सगळं मी भाषणासाठी पाठ केलं होतं. पण हातात खुरपं घेऊन त्याच आवारात उभं राहिल्यावर ते माझ्यासाठी खरं झालं. योजना आपल्यावर उपकार म्हणून चालत नाही, कामाचे तास भरतात आणि त्याचे पैसे मिळतात, ही जाणीव मला फार मोठी वाटायची. अजूनही वाटते.

बागेचे माळी होते, त्यांना सगळे तात्या म्हणायचे. त्यांनी मला आधी कुंड्या भरायला शिकवलं: माती, शेणखत, वाळू, तळाला खापरीचा तुकडा. मग खुरपणी, पाणी. गणपतीच्या आसपास विभागातल्या मॅडमनी वेगळंच काम दिलं. झाडांवरच्या पत्र्याच्या पाट्या गंजल्या होत्या, त्या नव्यानं रंगवायच्या. पिवळी जमीन, काळी अक्षरं. वर शास्त्रीय नाव, खाली कुळ, त्याखाली मराठी नाव. शास्त्रीय नावात पहिल्या शब्दाचं पहिलं अक्षर मोठं आणि दुसऱ्या शब्दाचं लहान, ही शिस्त मी वर्गात शिकायच्या आधी पत्र्यावर शिकले. बारीक ब्रश, हात स्थिर ठेवायचा, एक पाटी पुरी व्हायला बराच वेळ जायचा. तेवढ्यात ते नाव डोक्यात पक्कं बसायचं. अल्स्टोनिया स्कोलॅरिस म्हणजे सातवीण, पोंगामिया पिन्नाटा म्हणजे करंज.

एका कोपऱ्यात तरवड होता. आमच्या बांधावर, ओढ्याकाठी, कुणीही न लावता येणारा, पिवळ्या फुलांचा तरवड. गावात त्याची कुणी दखल घेत नाही. त्याची पाटी माझ्याच हातात आली: कॅशिया ऑरिक्युलाटा. ती रंगवताना मला जो आनंद झाला तो आजही नीट सांगता येत नाही. आमच्या बांधावरचं झाड इथं कॉलेजात नाव-कुळ घेऊन उभं होतं आणि ते लिहिणारी मी होते. तोवर कॉलेजात मी पाहुणी असल्यासारखी वावरत होते. त्यानंतर तसं वाटलं नाही.

लेक्चर्सबद्दल फार लिहीत नाही, ती सगळीकडे सारखीच असतात. प्रॅक्टिकल मात्र मला मनापासून आवडायचं. सूर्यफुलाच्या खोडाचा आडवा छेद घ्यायचा असायचा. डाव्या हाताच्या अंगठा-बोटात खोडाचा तुकडा उभा धरायचा, उजव्या हातात ब्लेड, दोन्ही पाण्यात भिजवलेलं, आणि ब्लेड स्वतःकडे एका ओढीत आणायचं. पहिले छेद जाड यायचे, पाण्यात टाकले की बुडायचे. मग कधीतरी एखादा असा पातळ यायचा की वॉच ग्लासमध्ये, म्हणजे काचेच्या उथळ वाटीत, तो दिसायचासुद्धा नाही. तो ब्रशनं अलगद उचलायचा, सॅफ्रानिन नावाच्या लाल रंगात बुडवायचा, धुवायचा, स्लाइडवर ग्लिसरिनचा थेंब आणि वरून कव्हरस्लिप तिरकी टेकवत सोडायची, म्हणजे बुडबुडा धरत नाही. सूक्ष्मदर्शकात डोळा लावला की गोल रिंगणात मांडलेले वाहिन्यांचे गठ्ठे, त्यांतला पाणी वाहणारा भाग लालभडक. जर्नलमध्ये आकृती काढताना बाकीच्या मुली घड्याळ बघायच्या, मला वेळ पुरायचा नाही.

आता लक्षात राहिलेला क्षण. साताऱ्यापासून कास पठार साधारण पंचवीस किलोमीटरवर. सप्टेंबर संपता संपता विभागाची सहल निघाली. आज तिथे हंगामात आधी बुकिंग करून जावं लागतं, रोजच्या माणसांवरही मर्यादा आहे. तेव्हा गर्दी एवढी नसायची.

मला पावसाचीच नवलाई होती. माणात ढग येतात आणि पुढे निघून जातात. साताऱ्यात जुलैपासून कपडे वाळत नव्हते, वह्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कॉलेजला जायचो. कासला तर धुकं इतकं की पुढची मुलगी दिसत नव्हती. मग वारा आला, धुकं सरकलं आणि समोर सगळी जमीन निळी-जांभळी झाली. सीतेची आसवं. मधूनमधून पांढऱ्या गेंदाचे ठिपके, कडेनं पिवळी सोनकी, गुलाबी तेरडा. आमच्यातली एरवी सतत बोलणारी मुलंही थोडा वेळ गप्प उभी होती.

सरांनी सांगितलं, पाय फक्त उघड्या खडकावर टाकायचा. मग एके ठिकाणी उकिडवे बसले आणि मला बोलावून भिंग दिलं. दगडालगत चिखलात बोटाच्या पेराएवढं लालसर रोप. त्याच्या पानांवर केस, प्रत्येक केसाच्या टोकाला एक चमकता थेंब. दवबिंदू, म्हणजे ड्रोसेरा. एका पानाला बारीक मुंगी चिकटली होती, तिचे मागचे पाय अजून हलत होते आणि आजूबाजूचे केस तिच्याकडे वाकलेले होते. सरांनी विचारलं, ‘हे झाड किडे का खातं?’ कुणी बोलेना. मी म्हटलं, ‘माती नाही म्हणून?’

सर खूश झाले. त्यांनी तिथेच समजावलं. पठार जांभ्या दगडाचं, वर मातीचा अगदी पातळ थर. पावसाळाभर पाणी साचून आणि वाहून त्यातला नत्र, म्हणजे नायट्रोजन, धुऊन जातो. मग या वनस्पती नत्र किड्यांकडून मिळवतात. जी निळी फुलं आम्ही बघत होतो ती सीतेची आसवंसुद्धा तसलीच, तिच्या जमिनीखालच्या भागावर बारीक पिशव्या असतात आणि दारावरच्या केसांना धक्का लागला की दार उघडून जीव पाण्यासकट आत ओढला जातो. मला आमचं माळरान आठवलं. तिथं पाणी नाही म्हणून काही उगवत नाही आणि इथं पाणी जास्त म्हणून माती उपाशी. परतीच्या गाडीत मी सरांना प्रश्न विचारत राहिले आणि त्यांनी कोरेगावच्या एका सीनिअर मुलीला सांगितलं, ‘हिला उद्यापासून विभागातली पुस्तकं काढून देत जा.’ त्या ताईशी आजही माझं जाणंयेणं आहे.

पहिल्या महिन्यांच्या कमाईतून मी एसटीचा पास, जर्नल आणि परीक्षा फी भागवली. नंतर थोडे साठले त्यातून दहापट मोठं दाखवणारं एक भिंग घेतलं. आता मी हायस्कूलला विज्ञान शिकवते आणि ते भिंग वर्गात फिरत असतं.

तुम्ही पहिल्याच वर्षाला आहात तर एक करा. तुमच्या कॉलेजात ‘कमवा आणि शिका’ आहे का ते विद्यार्थी विकास विभागात विचारा. राज्यातल्या बऱ्याच कॉलेजांत ही योजना चालते, पण जागा थोड्या असतात, तेव्हा सूचना फलकावर नजर ठेवा आणि अर्ज वेळेत द्या. काम निवडायची मुभा असेल तर आपल्या विषयाच्या विभागातलं मागा, प्रयोगशाळा, बाग, ग्रंथालय, जे असेल ते. आणि डबा एसटीनं येत असेल तर झाकणावर नावाबरोबर गावही लिहा. एकाच नावाच्या दोघीतिघी प्रत्येक गाडीला निघतात.