‘फील्ड गोल’ला ‘मैदानी गोल’ म्हणावे का?

प्रश्न : ॲडम व्हिनाटेरी या अमेरिकन फुटबॉलमधील किकरची महाविद्यालयापासून व्यावसायिक लीगपर्यंतची कारकीर्द मराठीत लिहिताना ‘फील्ड गोल’ला ‘मैदानी गोल’ म्हटले तर चालेल का?

उत्तर : माझ्या मते चालू नये. ‘मैदानी गोल’ हा शब्द चांगलाच आहे, पण हॉकीच्या वृत्तान्तांत तो आधीच रुळलेला आहे आणि तेथे त्याचा अर्थ पेनल्टी कॉर्नर किंवा पेनल्टी स्ट्रोकवर न झालेला, चालू खेळातून झालेला गोल असा होतो. ‘व्हिनाटेरीने ५९९ मैदानी गोल केले’ असे लिहिले, तर बचावपटूंना चकवत मुसंडी मारणारा आघाडीचा खेळाडू वाचकाच्या डोळ्यांसमोर येईल. प्रत्यक्षात या किकरच्या वाट्याला धावाधाव फारशी येत नाही. मागे फेकलेला चेंडू एक सहकारी गुडघ्यावर बसून जमिनीवर उभा धरतो आणि किकर तो दोन उभ्या खांबांच्या मधून, दहा फूट उंचीवरील आडव्या दांड्याच्या वरून धाडतो. त्याला जाळे नसते, आणि मिळतात ते तीन गुण.

इंग्रजी नावाचे मूळ जुन्या नियमांत आहे. टचडाउननंतर, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या टोकाच्या पट्ट्यात नेल्यानंतर, मारायचा गोल आणि थेट मैदानातून मारलेला गोल असा भेद तेव्हा केला जाई. १८८३ मध्ये मैदानातून मारलेल्या गोलला पाच गुण होते, १९०४ मध्ये ते चार झाले आणि १९०९ पासून तीन आहेत. म्हणजे ‘मैदानी’ हे भाषांतर व्युत्पत्तीच्या दृष्टीने चुकीचे नाही. अडचण आहे ती हॉकीने त्या शब्दावर मिळवलेल्या हक्काची. म्हणून ‘फील्ड गोल’ हेच रूप ठेवावे आणि पहिल्या उल्लेखाच्या वेळी एका वाक्यात खुलासा करावा.

अंतर सांगतानाही असाच खुलासा लागतो. ३ फेब्रुवारी २००२ रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये सुपर बोलच्या, म्हणजे व्यावसायिक लीगच्या (एनएफएलच्या) अंतिम सामन्याच्या, अखेरच्या क्षणी व्हिनाटेरीने ४८ यार्डांवरून मारलेल्या फील्ड गोलमुळे न्यू इंग्लंड पेट्रियट्सने सेंट लुईस रॅम्सला २०–१७ असे हरवले. त्या वेळी डाव रॅम्सच्या बाजूच्या ३० यार्डांच्या रेषेवरून सुरू झाला होता. चेंडू तेथून आठ यार्ड मागे ठेवला गेला आणि खांब दहा यार्ड खोलीच्या एंड झोनच्या, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्ट्याच्या, मागच्या कडेला असतात, म्हणून बेरीज ४८ होते. हे न सांगितल्यास वाचकाला आकडे चुकल्यासारखे वाटतील.

‘किकर’ तसाच राहू द्यावा. ‘लाथ मारणारा’ हा पर्याय कोणी गांभीर्याने सुचवणार नाही. ‘पंटर’ची गोष्ट मात्र वेगळी. साउथ डकोटा स्टेटकडून खेळताना व्हिनाटेरी पंटही (हातातून सोडलेला चेंडू जमिनीला लागण्याआधी मारलेली किक) मारत असे, आणि मुंबईच्या बोलीत पंटर म्हणजे काय हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्या मनात ‘महाविद्यालयातला पंटर’ हे शब्द भलतेच चित्र उभे करतील. तेथे ‘पंट मारणारा’ असे लिहिणे बरे. एनएफएलच्या ‘ड्राफ्ट’मध्ये त्याला कोणत्याही संघाने निवडले नव्हते, त्यासाठी ‘खेळाडू-निवडीत त्याचे नाव आले नाही’ असे सरळ लिहावे. १९९६ मध्ये तो आधी ॲमस्टरडॅम ॲडमिरल्स या युरोपातील संघाकडून खेळला आणि त्याच वर्षी पेट्रियट्समध्ये दाखल झाला. २००६ पासून २०१९ पर्यंत तो इंडियानापोलिस कोल्ट्समध्ये होता.

‘गोल’ आणि ‘गुण’ यांची गल्लत तेवढी टाळावी. त्याचे नियमित हंगामांतील २६७३ गुण हे ५९९ फील्ड गोलचे १७९७ आणि टचडाउननंतरच्या ८७४ किकचे प्रत्येकी एक, यांच्या बेरजेपेक्षा दोनने जास्त भरतात. ते दोन गुण किकचे नाहीत: १९९८ मध्ये बफेलोचा संघ रागाने मैदान सोडून गेल्यावर व्हिनाटेरी चेंडू घेऊन मोकळ्या एंड झोनमध्ये गेला होता.