‘सिन्स 2015’ असेल तर ‘आय ॲम लिव्हिंग’ का चालत नाही?

विचारणा अशी आहे: ‘मी 2015 पासून पुण्यात राहतोय’ याचं इंग्रजी ‘आय ॲम लिव्हिंग इन पुणे सिन्स 2015’ असं केलं तर चूक का धरतात? राहणं अजून चालूच आहे, मग चालू वर्तमानकाळ का नको?

चूक धरतात ते बरोबरच आहे. मराठीत ‘पासून’ आलं की मागचा सगळा काळ त्यातच आला. क्रियापद साध्या किंवा चालू वर्तमानात राहिलं तरी भागतं. फ्रेंच आणि जर्मनमध्येही असंच चालतं, त्यामुळे तिथल्या विद्यार्थ्यांचीही नेमकी हीच चूक होते. इंग्रजीत मात्र मागून आजपर्यंत आलेला काळ क्रियापदातही दिसावा लागतो. ‘ॲम लिव्हिंग’ फक्त सध्याचं सांगतं, तेही बहुधा तात्पुरतं. म्हणून ‘आय हॅव बीन लिव्हिंग इन पुणे सिन्स 2015’. 2015 चा उल्लेखच नसेल आणि मुक्काम कायमचा असेल, तर सरळ ‘आय लिव्ह इन पुणे’ म्हणावं.

रचना सोपी आहे. कर्त्यानंतर ‘हॅव’ (ही, शी, इट किंवा एकवचनी नाम असेल तर ‘हॅज’), मग कधीही न बदलणारं ‘बीन’, मग क्रियापदाचं ‘इंग’ लागलेलं रूप. ‘दोन तास पाऊस पडतोय’ म्हणजे ‘इट हॅज बीन रेनिंग फॉर टू अवर्स’. बोलताना ‘हॅव’ इतका आखडतो की नीट ऐकूच येत नाही. मग लिहितानाही तो गळतो आणि ‘आय बीन लिव्हिंग’ असं उरतं. तिकडे लक्ष ठेवा.

खरी अडचण ‘ओळखणं’, ‘मालकीचं असणं’ अशा स्थितिदर्शक क्रियापदांची. त्यांना ‘इंग’ सहसा लागत नाही. ‘आय हॅव बीन नोइंग हर’ चूक, ‘आय हॅव नोन हर फॉर टेन इयर्स’ बरोबर. इथे क्रियापदाचं तिसरं रूप येतं. ‘लिव्ह’ आणि ‘वर्क’ दोन्हीकडे चालतात, त्यामुळे ‘आय हॅव लिव्ह्ड हिअर सिन्स 2015’ हेही शुद्धच.

‘2015 पासून’ आणि ‘दहा वर्षांपासून’ या दोन्हींत आपण एकच ‘पासून’ लावतो, म्हणून ‘सिन्स टेन इयर्स’ तोंडात येतं. सुरुवात कधी झाली ते सांगायचं तर ‘सिन्स’, किती काळ ते सांगायचं तर ‘फॉर’.

उलट दिशेनेही एक चूक होते. ‘मी त्याला काल पाहिलंय’ हे मराठीत खपतं, पण ‘आय हॅव सीन हिम यस्टर्डे’ इंग्रजीत खपत नाही. ‘यस्टर्डे’, ‘लास्ट वीक’, ‘इन 2015’ असा संपलेला काळ सांगितला की साधा भूतकाळच: ‘आय सॉ हिम यस्टर्डे’.

आणि समोरच्याला ‘किती वर्षांपासून राहता?’ असं विचारायचं असेल, तर ‘सिन्स हाऊ मेनी इयर्स’ नको. ‘हाऊ लाँग हॅव यू बीन लिव्हिंग हिअर?’ असं विचारा.