गुन्हेगारी गरिबीमुळे वाढते की संस्कार कमी पडल्यामुळे? समाजशास्त्र काय म्हणतं?

प्रश्नात 'संस्कार' वाचलं आणि आमचे काका डोळ्यांपुढे आले, त्यामुळे उत्तर लांबणार. मध्ये दर्खाइम, मर्टन अशी समाजशास्त्रज्ञांची नावं येतील, कोण काय म्हणालं ते जाता जाता सांगते.

मी बडोद्याची. दांडिया बाजारात आमचं जुनं घर, आणि इथल्याच विद्यापीठात मी समाजशास्त्र घेऊन बी.ए. केलं. तेव्हा जेवायला बसलं की काकांचं ठरलेलं वाक्य यायचं, "समाजशास्त्र म्हणजे चोरांची फुकट वकिली." त्यांच्या मते जगातल्या सगळ्या गुन्ह्यांचं मूळ एकच, तिन्हीसांजेला घरात शुभंकरोती होत नाही.

आता गुजरातेत दारूबंदी आहे. १९६० साली राज्य झालं तेव्हापासून, जुन्या मुंबई राज्याच्या १९४९ च्या कायद्याचा वारसा म्हणून. काका दर दिवाळीच्या आधी पुण्याला आत्याकडे जायचे आणि परत येताना गाडीत भाकरवडीच्या पुड्यांखाली बाटल्या असायच्या. भिलाडला पोलीस गाडी थांबवायचा. मागच्या सीटवर नऊवारीतली आजी, तिच्या मांडीवर डबा. पोलीस वाकून बघायचा, "जय श्रीकृष्ण, बा" म्हणायचा आणि गाडी सोडायचा. आजीला सगळं ठाऊक होतं. तिचं म्हणणं एवढंच, की बाटल्या देवाच्या सामानाजवळ ठेवायच्या नाहीत.

त्याच सुमारास आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या बेनचा थोरला मुलगा पकडला गेला. मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, तो लेथवर हेल्पर होता. पगार कधी वेळेवर व्हायचा नाही, म्हणून संध्याकाळी वस्तीतल्या बुटलेगरच्या, म्हणजे चोरून दारू विकणाऱ्याच्या, पोटल्या (दारूच्या पिशव्या) सायकलवरून पोचवायला लागला. प्रोहिबिशनची केस झाली. जामीन मिळाला, पण कारखान्याने परत घेतलं नाही. दुसरीकडे गेला तर पोलिसांचा दाखला मागितला, तो मिळेना. मग होळी असो, निवडणूक असो, थर्टी फर्स्ट असो, बंदोबस्त लागला की आधी त्याला उचलायचे. बेन आमच्या ओट्यावर बसून रडायची, आई तिच्यासाठी चहा टाकायची आणि आतून काकांचा आवाज यायचा, "रक्तातच असतं ते." काही वर्षांनी त्याने स्वतःचा अड्डा टाकला. पुढे पासा लागला, म्हणजे समाजविरोधी कारवाया रोखण्याचा गुजरातचा कायदा. १९८५ च्या त्या कायद्यात 'बुटलेगर' हा माणसांचा एक रीतसर प्रकार आहे; खटला न चालवता वर्षभर आत ठेवता येतं.

आणि माझा चुलतभाऊ कॅनडाला निघाला तेव्हा व्हेरिफिकेशनला हवालदार घरी आले. चहा घेतला, चिवडा खाल्ला, शेजारच्यांची सही घेतली, झालं. ज्या कपाटाला पाठ लावून ते बसले होते त्यात काय होतं हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

एकाच कायद्याचा भंग. एकाला केस, दुसऱ्याला व्हिसा. लेमर्ट या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९५१ साली हेच मांडलं: पहिला नियमभंग कितीतरी लोकांच्या हातून होतो आणि विरून जातो, पण एकदा समाजाने शिक्का मारला की माणसाला त्या शिक्क्याभोवतीच आयुष्य उभं करावं लागतं. १९६३ साली बेकरने त्याला धार दिली. चँब्लिसने १९७३ साली एकाच शाळेतल्या पोरांच्या दोन टोळक्यांबद्दल लिहिलं, आठ सुखवस्तू घरांतली आणि सहा गरीब घरांतली. दांडगाई दोन्हीकडे सारखीच, पण पोलीस सहांच्याच मागे. वर्गात ते ऐकताना मला अमेरिका दिसलीच नाही, भिलाड दिसलं.

काकांच्या 'रक्ता'बद्दल थोडं. लोंब्रोझो या इटालियन डॉक्टरने १८७६ साली जन्मजात गुन्हेगाराची कल्पना मांडली, आणि इंग्रजांनी तर त्याच्याही आधी, १८७१ साली, कायदा करून आपल्याकडच्या जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ साली गेला. त्यातून सुटलेल्या या जमातींच्या, म्हणजे विमुक्तांच्या, हक्कांसाठी लेखिका महाश्वेता देवी आणि भाषा-अभ्यासक गणेश देवी यांनी १९९८ मध्ये काम उभं केलं ते आमच्याच बडोद्यात. पण दांडिया बाजारातल्या जेवणाच्या पाटावर १८७१ अजून चालू आहे.

बरं, तुमचा प्रश्न. गरिबी की संस्कार?

नुसत्या गरिबीने भागत नाही. मर्टनचं १९३८ चं म्हणणं असं, की समाज सगळ्यांना पैशाचं एकच स्वप्न दाखवतो आणि तिथवर जायचा रस्ता थोड्यांनाच देतो. उरलेल्यांतले काही आडवाट धरतात. पगार अडकलेला तो पोरगा इथे बसतो. पण दर्खाइमने १८९७ मध्ये आत्महत्यांचे आकडे घेऊन दाखवलं होतं, की अचानक आलेली सुबत्तासुद्धा माणसाचे लगाम सैल करते. आणि सदरलंड या अमेरिकन अभ्यासकाने सत्तर मोठ्या कंपन्या तपासल्या तर कायदा मोडल्याबद्दल प्रत्येकीविरुद्ध निदान एक तरी निकाल गेलेला होता, सगळे मिळून ९८०. १९४९ साली त्याचं पुस्तक आलं ते कंपन्यांची नावं गाळून, प्रकाशक घाबरला म्हणून. नावांसकट आवृत्ती यायला १९८३ उजाडलं. त्या साहेबांच्या घरी शुभंकरोतीसारखं जे काही असेल ते होतच असणार.

संस्कारवाल्यांच्या बाजूनेही आहे. हिर्शीने १९६९ मध्ये म्हटलं, की घराशी, शाळेशी, कामाशी धागे घट्ट असले की पोर सहसा वाकड्यात शिरत नाही. मला ते बरंचसं पटतं. पण मग विचारा की बेनच्या मुलाचा कामाशी असलेला धागा कापला कोणी.

खरं तर सदरलंडचंच दुसरं म्हणणं काकांना जास्त झोंबेल: गुन्हा जवळच्या माणसांकडून शिकला जातो, कसा करायचा तेही आणि मनाला कसं समजवायचं तेही. माझा चुलतभाऊ बाटली भाकरवडीखाली ठेवायला कुठल्या वस्तीत शिकला नाही. आमच्या घरात संस्कार चोख झाले होते.

हे लिहिताना एवढंही सांगते, की बहुतेक गरीब माणसं कसलाच गुन्हा करत नाहीत, आणि देशीचा अड्डा ही काही समाजसेवा नाही. २००९ मध्ये अहमदाबादेत लठ्ठ्याने, म्हणजे विषारी देशी दारूने, शंभरावर माणसं मेली. समाजशास्त्र प्रमाण का वाढतं ते सांगतं, अमक्याने तमक्या दिवशी का केलं ते नाही. आणि त्या मुलाच्या जामिनाचे पैसे काकांनीच भरले होते, परत मागितलेही नाहीत. माणूस वाईट नाही. मत वाईट आहे.

परीक्षेसाठी विचारत असाल तर मर्टन आणि हिर्शी लिहा, दर्खाइमने उत्तर सुरू करा, मार्क मिळतील. घरातल्या कोणाशी वाद घालायला विचारत असाल तर त्यांना गिफ्ट सिटी, म्हणजे वित्त कंपन्यांसाठी वसवलेली वसाहत, विचारा. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने गांधीनगरजवळ तेवढ्या कुंपणात नोकरदारांना आणि त्यांच्या अधिकृत पाहुण्यांना प्यायची मुभा दिली. कुंपणाबाहेर तोच पेला गुन्हा. यात रक्त कुठलं आणि संस्कार कुठले?

मी काकांना विचारलं. त्यांनी आता तब्येतीच्या कारणावर दारू प्यायचं सरकारी परमिट काढलंय, त्यामुळे आवाज आणखी चढलाय. म्हणाले, "आमची गोष्ट वेगळी, आम्ही काय विकत होतो थोडंच? कोणाचं नुकसान केलं?" साइक्स आणि माट्झा यांनी १९५७ साली गुन्हा करणाऱ्या पोरांच्या सबबींची यादी केली होती. 'कोणाचं नुकसान झालं?' ही त्यातली दुसरी. मी त्यांना ती मराठीत लिहून दिली आहे.